मी न वाचलेला अध्याय

आई चेन्नईला आली तेव्हा तिच्या सामानात दोन बॅगा होत्या आणि मोठ्या अक्षरांचं एक मराठी बायबल. अक्षर कितीही मोठं असलं तरी उपयोग नव्हता, काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे जवळजवळ संपवले होते. वडील गेल्यावर नगरकडच्या गावात ती एकटी राहू शकत नव्हती. मी एकुलती एक, बिनलग्नाची, अण्णा नगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी. आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चल, वाच."

नाही म्हणायची सोय नव्हती. आई चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिक्षिका होती, रविवारी मुलांना शास्त्र शिकवायची. आमच्या घरी जेवणाआधी शास्त्रवाचन व्हायचंच, आणि तेही ओळीने. रोज एक अध्याय, शेवटचं पान झालं की पुन्हा पहिलं. अमक्याचा मुलगा तमका अशा पानभर लांब याद्यासुद्धा सुटायच्या नाहीत. लहानपणी मी कंटाळून एखादी यादी गाळली की आई विचारायची, "ह्या माणसांनी तुझं काय घोडं मारलंय?"

चेन्नईत तिला मराठी वाचून दाखवेल असं माणूस मी एकटीच होते, निदान मला तेव्हा तसं वाटलं. चर्चमध्ये उपासना तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. तमिळ तिला येत नव्हतं आणि इंग्रजी शाळेपुरतंच. म्हणजे तिला देवापाशी बसायचं तर मी घरी यायला हवी, हातपाय धुवायला हवेत आणि माझा मूड बरा हवा. एवढं कुणाच्या हातात असणं बरं नव्हे, आणि माझ्या तर नाहीच.

मी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासते. माझं काम म्हणजे नाकारणं. माल आला की त्यातले काही नग काढायचे, मोजायचे, आणि जीवावर बेतेल असा एक जरी दोष सापडला तरी अख्खा लॉट परत. वीस वर्षं हेच केलं. मुळात स्वभाव असा होता म्हणून हे काम जमलं की कामामुळे असा झाला, देव जाणे. देव जाणे, असं मी अजूनही म्हणते.

चर्चला मी सवयीने जात होते, कधी फार विचार केला नव्हता. लहानपणी शास्त्र कानावरून गेलं होतं, आता रोज माझ्या तोंडून जायला लागलं. जिंकलेल्या गावातले पुरुष मारा, बायका मारा, तान्ही पोरं मारा, कोवळ्या मुली तेवढ्या आपल्यासाठी ठेवा. आणि हा हुकूम कुणा राक्षसाचा नाही, ज्याच्यापुढे आम्ही डोळे मिटून बसत होतो त्याचाच. माझी जीभ अडखळायची. मग मी गाळायला लागले. आधी दोन वचनं, मग अर्धं पान. आवाज न बदलता पुढच्या परिच्छेदावर उडी मारायची कला मला पटकन जमली.

पंधरा दिवस आई काही बोलली नाही. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "आज सात वचनं गाळलीस."

"तुला सगळं पाठ आहे, तर वाचायला कशाला हवं?"

"पाठ आहे म्हणून काय झालं? शेजारी बसून कुणीतरी वाचावं लागतं."

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. भला माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तो काळ वेगळा होता. मी म्हटलं, काळ वेगळा असेल, देव तर तोच होता ना? मग त्यांनी सांगितलं की देवाचं सगळंच आपल्याला कळत नाही, आणि अजून थोडी कॉफी घेणार का म्हणून विचारलं. मी कॉफी घेतली. पुढच्या रविवारपासून चर्चला गेले नाही. आईला रिक्षाने सोडायचे आणि बाहेर उभी राहायचे.

संध्याकाळचं वाचन मात्र चालू होतं, ते त्या नवसाच्या अध्यायापर्यंत. एक सेनापती देवाला नवस बोलतो की मला जय दे, मग घरी परतल्यावर दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला होमात अर्पण करीन. जय मिळतो. दारातून त्याची एकुलती एक लेक डफ वाजवत, नाचत बाहेर येते. आणि तो दिलेला शब्द पाळतो. वरून कुणी त्याला थांबवत नाही.

मी मध्येच पुस्तक मिटलं.

"आई, मी हे वाचणार नाही. आजपासून काहीच वाचणार नाही."

"का गं?"

"मला हे खोटेपणाचं वाटतं. ज्याची चीड येते त्याच्यापुढे आमेन कसं म्हणू? मी ख्रिस्ती राहिलेली नाही, आई. माझ्या टेबलावर असला माल आला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता."

मग शाळेत विचारायची तशा सुरात तिने विचारलं, "आणि त्यातले चांगले नग?"

"तेही जातात परत."

"बरं," ती म्हणाली. रडली नाही, शापही दिला नाही. पुस्तकासाठी हात पुढे केला, चाचपून खुणेची रेशमी दोरी त्या पानावर सरळ केली आणि पुस्तक उशीजवळ ठेवलं.

मी वाईट लेक नाही, हे स्वतःला पटवायला मी तिच्या फोनवर बायबलचं मराठी रेकॉर्डिंग टाकून दिलं, बटण कुठलं ते बोटाने शिकवलं आणि हात झटकले. आठवडाभरात फोन गप्प झाला. विचारलं तर म्हणाली, "छान वाचतो माणूस. पण थांबत नाही गं. मला मध्ये थांबायचं असतं." मी म्हटलं, थांबवायचंही बटण आहे. आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

समोरच्या दारात एक मामी राहायच्या. इथे वयस्कर बाईला मामी म्हणतात, तसंच आम्हीही म्हणायचो. घराणं तंजावरकडचं मराठी, घरात अजून जुन्या वळणाचं मराठी बोलणारं, आणि मामी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून देवनागरी त्यांना वाचता यायची. एक दिवस कारखान्यात मशीन बंद पडली, बस लवकर सुटली आणि मी सव्वापाचलाच घरी पोचले. जिन्यातच मामींचा आवाज ऐकू आला. तमिळ हेल काढत, प्रत्येक शब्दावर टेकत त्या वाचत होत्या. तोच अध्याय. मी जिथे पुस्तक मिटलं होतं तिथूनच आईने त्यांना सुरुवात करायला लावली होती.

दार उघडं होतं. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या मामी, मांडीवर बायबल, आणि समोर आई, पदर डोळ्यांना लावलेला.

"अय्यो, पावम ते पोर!" मामी थांबून म्हणाल्या. म्हणजे, बिचारी. "बापास बुद्धी नको? असा काय मेला शब्द?"

"त्या देशातल्या मुली दर वर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करायच्या, पुढे लिहिलंय," आई म्हणाली. "मीही दर फेरीला इथे थांबते. एवढं तरी करावं माणसाने तिच्यासाठी."

"थांबू या मग. मज काय घाई?" मामी म्हणाल्या, आणि त्या खरंच थांबल्या. दोन म्हाताऱ्या बाया, एक सकाळी देवपूजा केलेली आणि एक आयुष्यभर चर्चला गेलेली, कधी काळच्या एका पोरीसाठी गप्प बसून राहिल्या.

मी आत जायला हवं होतं. गेले नाही. खाली उतरून अर्धा तास पार्किंगमध्ये उभी राहिले आणि मग नेहमीच्या वेळेला आल्यासारखी वर गेले. मला राग आला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, आई ते वाचते कारण तिला ते खटकत नाही. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी पुस्तकावर बोलत राहिले, पाळकांशी बोलले, देवाशी भांडले. वाचताना तुझं काय होतं, एवढा एक प्रश्न आईला विचारला नाही.

पुढे दोन वर्षं मामी रोज पाचला यायच्या. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विषय काढला नाही.

मग आई आजारी पडली. फुप्फुसात पाणी झालं, अतिदक्षता विभागात ठेवली. संध्याकाळी पाच ते सहा भेटायची वेळ, एकच पास, एका वेळी एकच माणूस. तिसऱ्या दिवशी मी तिचं बायबल घेऊन गेले. मनाशी ठरवलं होतं, आज मी वाचणार, जे येईल ते, एक ओळ न गाळता. खुणेचं पान उघडून मी सुरुवात केली. आईने मास्क जरा बाजूला केला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तू नको," ती म्हणाली. "तुला त्रास होतो. मामींना बोलव."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या नकाराचा तिने मान ठेवला होता, दोन वर्षं, आणि तिथे पलंगावरसुद्धा.

मामी खाली बाकावर बसल्या होत्या. तिन्ही दिवस येऊन बसत होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी खाली जाऊन पास त्यांच्या हातात द्यायचा, इतकंच करायचं होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, वेळ भरपूर होता. पण मला ते सोसलं नाही. लेक मी होते. शेवटी आईजवळ बसायचा हक्क माझा, समोरच्या दारातल्या बाईचा नव्हे, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी म्हटलं, "उद्या आणते हं त्यांना."

"बरं," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

सहा वाजेपर्यंत मी तशीच बसले, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून. कुणीच वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आधीच आई गेली.