मायला रंग नको होता

माय दवनीवाड्याहून एकटी गोंदियाला आली आणि फोन न करता थेट माझ्या स्टुडिओत येऊन बसली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. स्टुडिओ टाकून मला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती इथे दोनदा आली असेल. एकदा उद्घाटनाच्या पूजेला आणि एकदा राशन कार्डाच्या फोटोसाठी, तेही मी ओढून आणली म्हणून. फोटो म्हटलं की ती पदर तोंडावर घेणारी बाई.

आज मात्र ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. केसांना तेल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"मोठा फोटो काढाचा हाय," ती म्हणाली. "फ्रेमवाला."

"कायले?"

"काढाचा हाय म्हनून."

मग भिंतीवरचे नमुने नीट पाहत ती म्हणाली, "रंगीत नको. कारा-पांढरा कर."

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. धंद्याने तशी केली म्हणा किंवा मुळातच तशी होते म्हणा. जोडपं फोटोला आलं की ते हसून बसण्याआधी बाहेर भांडून आले का, हे मला कळतं. कुणी घाईघाईत म्हाताऱ्या सासऱ्याचा पासपोर्ट फोटो काढायला आलं, की मी मनात जमिनीच्या वाटण्या करून मोकळी होते. निम्म्या वेळा चुकते. पण उरलेल्या निम्म्या वेळा बरोबर निघाल्यामुळे ही खोड जात नाही.

आणि कृष्णधवल फोटो आमच्याकडे जिवंत माणूस मागत नाही. घरात कुणी गेलं की लोक आधार कार्ड नाही तर लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यातला चेहरा मी कापून मोठा करते, रंग काढते आणि हार घालायला जागा सोडून फ्रेम करून देते. एका हौशी जोडप्याचा लग्नाआधीचा फोटो मी असाच करून दिला होता. सासूने दुसऱ्या दिवशी तो आणून माझ्या काउंटरवर आपटला आणि तीन पिढ्यांचा उद्धार करून गेली. मायला हे ठाऊक होतं. हा किस्सा मीच तिला सांगितला होता आणि ती पोट धरून हसली होती.

मग आज हे काय?

इथे मला माझं पोटातलं सांगावं लागेल, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळणार नाही. माझे वडील ट्रक चालवायचे. तेरा वर्षांपूर्वी कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर जेवले, गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली आणि निघून गेले. कुठे, का, कुणालाच कळलं नाही. माय कुंकू लावत राहिली. गावात कुणाचं लग्न असलं की हळदीला पहिल्या पाच सवाष्णींत तिला बोलावणं असायचं, आणि तीही ताठ मानेने जायची. गेल्या भादव्यात, हरवल्याच्या जुन्या तक्रारीवरून, छत्तीसगडातल्या एका पोलीस ठाण्यातून दादाला फोन आला. एक बेवारस माणूस वारला होता. पोलिसांनी सगळं उरकून टाकलं होतं, फक्त ओळख पटवायची होती. आम्ही दोघं गेलो. त्यांनी आधी फोटोची झेरॉक्स दाखवली. काळा-पांढरा डाग नुसता. दाढीवाला कुणीही म्हातारा असू शकला असता. मी ठामपणे म्हटलं, हे आमचे नव्हेत. मग हवालदाराने मोबाईलवर मूळ फोटो काढून दिला. अंगातला विटकरी सदरा मी स्वतः घेतलेला होता, स्टुडिओच्याही आधीच्या पहिल्या कमाईतून. खिशावरची पिवळी शिलाईसुद्धा तीच.

येताना गाडीत दादा म्हणाला, "मायचं कुंकू आपन आपल्या हातानं पुसाचं काय?" मी म्हटलं, नाही. तेवढ्या दोन वाक्यांवर आम्ही सहा महिने तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. मायला कळू द्यायचं नाही, हा एकच ध्यास होता मला. माझ्या आयुष्यात मी एवढं चांगलं काही जपलं नव्हतं, असं मला वाटायचं.

म्हणून तिने कृष्णधवल म्हणताच मी पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेले आणि मुर्रीला राहणाऱ्या दादाला फोन लावला.

"तू बोललास?"

"काय?"

"माय इथं येऊन बसली हाय. कारा-पांढरा फोटो मांगून राहिली. तू नाई त वहिनी बोलली असन."

"वहिनीले अजून मालूमच नाई," तो भडकला. "तुले सारी दुनिया चोर दिसते काय?"

हो, दिसते. मी फोन ठेवला. मग दुसरी शंका आली, ती जास्त वाईट होती. माय आजारी तर नाही? स्वतःच्याच हाराची तयारी करायला तर आली नाही? ती भिंतीकडे पाहत असताना मी तिची पिशवी चाचपली. लाज वाटत होती, तरी चाचपली. आत एक शेंगदाण्याची पुडी होती, चष्म्याचं घर होतं आणि परतीच्या गाडीच्या वेळा लिहिलेला कागद होता. दवाखान्याची चिठ्ठी नव्हती.

"झडती झाली काय?" माय मागे न वळता म्हणाली.

मी पिशवी ठेवून दिवे लावले. मग बंदच केले आणि तिला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. दुपारचा उजेड तिच्या एका गालावर येत होता. इकडे पाह्य, तिकडे पाह्य, असं मी काही म्हटलं नाही. ती स्वतःच रस्त्याकडे पाहत बसली. बाहेर कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवला, तिच्या डोळ्यांच्या कडा हलल्या आणि मी बटन दाबलं. असा चेहरा मला आजवर कुणाचाच मिळाला नव्हता. आईचा म्हणून म्हणत नाही.

कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी शेजारी लावले. रंगीत फोटोत सगळ्यात आधी कुंकू दिसत होतं, मग हिरव्या बांगड्या, मग लुगड्याचा काठ, आणि माय सगळ्यात शेवटी. रंग काढले तर उलटं झालं. सुरकुत्या, ओठांची घट्ट मिटलेली रेघ, त्या हॉर्नकडे गेलेली नजर, सगळं पुढे आलं. फोटोग्राफर म्हणून मला दुसराच आवडला. मुलगी म्हणून मी म्हटलं, "रंगीतच घे माय. हा पाह्य ना, केवढा छान आला."

"कारा-पांढरा."

"मयतीवानी दिसते."

"दिसू दे."

रंग काढल्यावर कोणता रंग किती गडद दिसावा, हे ठरवता येतं. निळ्याची वेगळी पट्टी असते, हिरव्याची वेगळी, लालची वेगळी. तिचं तोंड उजळ करावं म्हणून मी सवयीने लालची पट्टी पुढे सरकवली. गाल उजळले. आणि त्याबरोबर कुंकू फिकं होत होत कातडीत मिसळलं. समोर मायचं कपाळ मोकळं झालं.

मी घाबरून पट्टी मागे ओढली. पण ती पाहत होती.

"थांब," ती म्हणाली. "परत कर."

"माय, चुकून झालं."

"परत कर म्हनते ना."

मी केलं. ती खुर्ची पुढे ओढून त्या मोकळ्या कपाळाकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही विचारणार, आणि मी खोटं बोलणार. वाक्यं तयार होती माझी. सहा महिने घोकली होती.

"अशी दिसन त मी," ती म्हणाली. मग सरळ माझ्याकडे वळली. "केव्हा गेले?"

"भादव्यात," माझ्या तोंडून निघून गेलं. मी तरी विचारलंच, कारण माझी खोड मरत नाही, "कोनी सांगतलं तुले?"

"कोनी नाई. तूच."

"मी?"

"दरवर्षी मंडईच्या आंधी तू त्यांच्या फोटोचे कागद छापते. हरवले म्हनून. बारा वर्ष छापलेस. ढाब्यावर लावते, मंडईत लावते, गावात मले दहा आनून देते. यंदाच्या मंडईले नाई छापलेस. पयले म्हनलं, इसरली असन. मंग म्हनलं, हे पोरगी इसरनारी नाई."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. नाटकं, दंडार, पाळणे. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, एवढी माणसं एरवी कुठे जमत नाहीत. म्हणून मी ते कागद तेव्हाच लावायची. मेलेल्या माणसाच्या नावाने 'हरवले' छापायला यंदा माझा हात धजला नाही. सगळ्या जगावर पाळत ठेवणाऱ्या मला एवढं सुचलं नाही, की मायही माझ्यावर ठेवत असेल.

"मंग काऊन नाई बोललीस?" मी विचारलं. "कुंकू लावतच राहिलीस."

"तुमी लपवून राहिले होते. तुमाले बरं वाटत होतं. अना माज्या हातानं पुसाचं बी होत नोहोतं." तिने पदराने नाक पुसलं. "पन मी गेल्यावर फोटो लागन ना भिंतीले. त्यात लाल दिसलं त लोक म्हनतीन, सवाशीन गेली. तो खोटा मान मले नको. काऱ्यापांढऱ्यात लाल हाय का कारा, कोनाले समजते?"

मग तिने स्वतः बोट दाखवून मला पट्टी सरकवायला लावली. थोडं मागे. आणखी थोडं. आता पुढे. कपाळावर राखाडी गोल राहिला, कुंकवाचा म्हणा की विधवेच्या काळ्या बुक्क्याचा म्हणा. "आता राहू दे," ती म्हणाली.

मी छापायची आज्ञा दिली. मशीन घरघरत होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते, कारण मायकडे बघवत नव्हतं. तिची माफी मागावी असं वाटत होतं आणि रागही येत होता. आम्ही तिला एवढं कच्चं समजलो, त्याचा तो राग होता.

"त्यांले पाह्यलंस तू?"

"फोटो पाह्यला."

"एकटीनं?"

"दादा भायेर गेला होता. त्याले पाह्यनं नाई झालं."

तिने माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं, मघाशी ती बसली होती तिथेच.

"दादा मंग मोकळा रडला असन," ती म्हणाली. "तू नाई रडली. मी मंडईपासून तुजं तोंड पाहून राहिली. ते सांगासाठीच आली मी, फोटो त गावातही निंगाला असता. मले मालूम हाय आता. आता लपवाचं काई राहिलं नाई. रड."

उठून मी शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर एक बाई पासपोर्ट फोटोसाठी पोराला घेऊन उभी होती, तिला मी थांबा म्हटलं. मग मायच्या मांडीवर डोकं ठेवून बापासाठी रडले.