सेंटर फॉरवर्ड गोलमध्ये

श्रावणात आमच्या घरी मासे शिजत नाहीत, अंडंसुद्धा नाही. सासूबाईंनी घालून दिलेला नियम, त्या गेल्यावर आता मी पाळते. तरी गेली काही वर्षं श्रावणातही आठवड्यातून एकदोनदा मी रिकामी पिशवी काखेत मारून मच्छी मार्केटात जायचे. नवरा म्हणायचा, "देवाला फसवतेस की मला?" त्याला काय कपाळ सांगणार. मी तिथे भांडायला जायचे. भारताच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये कोचने कुणाला कुठे खेळवलं, यावरून.

भांडायला समोर माझी शाळेतली मैत्रीण असायची. मार्केटात नळाशेजारी तिची जागा होती. भाईंदरच्या खाडीकडच्या गावातली कोळीण, आवाज खणखणीत, गिऱ्हाइकाने जास्त घासाघीस केली तर त्याला उभा सोलेल अशी. मी दिसले की ठरलेलं वाक्य यायचं, "आयलीस? उपास हाय ना तुजा? मग काय वास घ्यायला आयलीस?" आणि मग पुढ्यातली विळी बाजूला सारून, "सांग, काय केलन काल तुज्या कोचनी?" शिव्या मी घालायचे, पण कोच कायम माझाच.

मग ती फळीवर माशांचीच टीम मांडायची. गोलमध्ये एक हलवा. मागे चार बांगडे. मधे मांदेलीचे तीन वाटे. पुढे बोंबील, कारण बोंबील हातातून सटकतो. मी एकेक मासा सरकवून दाखवायचे की काल ही इथे हवी होती आणि कोचने तिला तिकडे नेऊन ठेवलं. आमचं असं रंगात आलेलं असताना एखादी बाई वाकून विचारायची, "भाभी, ये चार बांगडे कितने के?" आणि सगळा डिफेन्स पिशवीत जायचा. "घे," ती मला म्हणायची, "आता मागं कोन न्हाय. सांग तुज्या कोचला."

मला राग लवकर येतो. मैत्रीपूर्ण सामन्यात कोचने विंगला पळणारी पोरगी लेफ्ट बॅक केली, तेव्हा मी रात्री जेवले नव्हते. हाफटाइमला चांगली भली गोलकीपर बदलली, तेव्हा दुसऱ्या दिवशी मार्केटात माझा आवाज इतका चढला की शेजारची सुकट विकणारी म्हातारी म्हणाली, "बाई, कोन वारला?" मी मैत्रिणीला म्हणायचे, "अगं, लग्न तोंडावर आलं आणि यांचं अजून मुलगी बघणं चाललंय. ज्याची जागा त्याला द्यावी, एवढं साधं कळत नाही?"

ती शांतपणे म्हणायची, "बघू दे की करून. कालवन चाखल्याशिवाय कलतंय का, खारट हाय का आलनी हाय?"

"मॅचमध्ये चाखायचं नसतं."

"मग कवा? घरी बसून?"

मी आपलं पुन्हा तेच म्हणायचे, ज्याची जागा त्याला द्यावी. ती माझ्याकडे जरा वेळ बघायची आणि विळी पुढे ओढायची. त्या बघण्याचा अर्थ मला कळतो असं मला वाटायचं, आणि मी घाईघाईने निघायचे.

कारण शाळेत ती आमची सेंटर फॉरवर्ड होती, आणि मी कॅप्टन. माझे वडील रत्नागिरीहून आलेले, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. पीटीचे सर फुटबॉलवेडे होते. शाळेत एकच फुटबॉल आणि कशाबशा गोळा केलेल्या बारा मुली. मैदान म्हणजे मिठागराच्या कडेची जमीन. पडलं की खरचटलेल्या गुडघ्याला मीठ झोंबायचं. ती अनवाणी खेळायची आणि तरी कुणाच्या हाती लागायची नाही. मी मधे उभी राहून ओरडायचे. माझी निवड पायांमुळे झाली नव्हती, घशामुळे झाली होती.

आमच्या आयुष्यातली एकमेव सेमीफायनल वसईला होती. दोन दिवस आधी गोलकीपरला कांजिण्या आल्या. टेम्पोतून निघालो, काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो, तिथे सर पुढून वळून म्हणाले, "कॅप्टन, गोलमध्ये कोण?" उरलेली बारावी मुलगी बॉल अंगावर आला की डोळे मिटायची. मी सरांना हळूच आमच्या सेंटर फॉरवर्डचं नाव सांगितलं. म्हटलं, उंच आहे, हात पक्के आहेत, सकाळी आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलते. सर म्हणाले, "मग पुढे कोण खेळणार?" मी म्हणाले, "मी जाते."

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. टीमचा विचार वगैरे काही नव्हता. मला पुढे खेळायचं होतं. टाळ्या पुढच्यांना मिळतात, आणि वसईला भरपूर लोक येणार होते. एक दिवस तिच्या जागी उभं राहून बघावं, एवढंच माझ्या मनात होतं.

गोलकीपरचा पिवळा शर्ट तिला हातांत आखूड झाला. तिने तो तसाच घातला. आम्ही चार गोलांनी हरलो. माझ्यासमोर एकदा रिकामा गोल होता, मी बॉल आभाळात मारला. परतताना घोडबंदरपर्यंत ती तोच पिवळा शर्ट घालून खाडीकडे बघत बसली होती. सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. आठवड्याने सर म्हणाले, तिने शाळा सोडली. तिचं घर आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर होतं, पण मी गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

पुढे माझं लग्न झालं, आम्ही पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो, आणि एक दिवस मच्छी मार्केटात मागून हाक आली, "ए कॅप्टन." माझ्या हातातली पिशवी पडली. तिने दोन पापलेटं कापून दिली, मुलंबाळं विचारली. त्या मॅचचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. नंतर एकदा मोबाइलवर मी मुलींची मॅच बघत होते ती तिने पाहिली आणि आमचं भांडण सुरू झालं. इतक्या वर्षांत आम्ही देशातल्या सगळ्या मुलींच्या जागा चिवडल्या. आमच्या तेवढ्या सोडून.

या श्रावणात कोचने कहर केला. गोल मारण्यात सगळ्यांत तरबेज पोरगी, तिलाच मागे डिफेन्सला ठेवलं. लाइनअप मोबाइलवर आली तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच ठेवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन मार्केटात गेले, तर तिच्या जागेवर तिची सून.

"सासूबाई?"

"गुडघे गेले त्यांचे. डाक्टर बोलला, खाली बसायचा न्हाय. आता न्हाय येनार त्या. मावशी, काय देऊ तुमाला?"

मी म्हटलं, काही नको. आणि तरी तिथेच उभी राहिले. बिचारी सून मला वेडी समजली असेल.

पुढचे दिवस काही खरे नव्हते. फोन केला तर ती "हां, बोल, बरी हाय, ठेवते" यापुढे जात नाही, तिला फोनवर बोलताच येत नाही. लाइनअप आली की मी नवऱ्याला सांगायला जायचे. तो मान न उचलता म्हणायचा, "असेल काहीतरी विचार करूनच." याला काय भांडण म्हणतात? मला तिची इतकी आठवण येत होती की त्या नळाच्या ओल्या वासाचीही यायला लागली. हलवा, बांगडे, मांदेली. रात्री अंथरुणावर पडले की मी मनातल्या मनात फळी मांडायचे, पण मासे मांडणारा तिचा हात कुठून आणणार? आणि आतून एक भीती होती. असंच राहून जाईल. मी सांगणार नाही, ती विचारणार नाही, आणि दोघींतली एक जाईल.

नारळी पौर्णिमेला नारळीभात केला, डबा भरला आणि रिक्षा केली. शाळेत असताना जे वीस मिनिटांवर होतं तिथे पोचायला मी पन्नाशी गाठली.

घरातली सगळी माणसं नटूनथटून नारळ घेऊन खाडीवर गेली होती, लांबून बँड ऐकू येत होता. ती दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. अंगावर नवी साडी, मांडीवर परात, परातीत करंज्या. मला बघून म्हणाली, "आज वास न्हाय, आज खा." मग लगेच, "त्या पोरीला मागं ठेवलन ना? सुनेच्या मोबाइलवर बघितला."

मी नेहमीसारखी सुरुवात करायला गेले, ज्याची जागा त्याला, आणि वाक्य अर्धंच सोडलं. पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. "वसईला तुला गोलमध्ये मी ठेवलं. सरांना मी सांगितलं. मला तुझी जागा हवी होती."

"ठाव हाय," ती म्हणाली. "टेम्पोत मी तुज्या मागंच बसलेली."

बँड जवळ आल्यासारखा वाटला आणि पुन्हा लांब गेला.

"मग बोलली का नाहीस? शाळा सोडलीस तू माझ्यामुळे."

"तुज्यामुले? मोठी आयली. आय आजारी व्हती माजी. सोमवारपासून बाजारात मनाच बसायचा व्हता, आदीच ठरलेला. ती माजी शेवटची मॅच व्हती. कोनाला सांगितला न्हाय, सरांनापन न्हाय."

म्हणजे तिच्या शेवटच्या मॅचला मी तिला तिच्या जागेवरून काढलं होतं. मला वाटलं होतं त्याहून हे वाईट होतं. मी पदराने डोळे पुसत राहिले.

ती करंजीची कड नखाने सारखी करत म्हणाली, "हाफटाइमपर्यंत लय शिव्या घातल्या तुला मनात. मग बघितला. पुढं खेलायची तेवा मना बॉल दिसायचा आनि गोल. बाकी कोन न्हाय. मागून सगल्या दिसल्या, एकदम. सगलीजनी पलतायत, तू ओरडतेस. किती भिकार खेलत व्हतीस तेपन दिसला. मी बोलली, बघून घे. परत कवा दिसनार हायत या?" करंजी परातीत ठेवली. "म्हनून मी तुला सांगते, बघू दे करून."

मी रडता रडता हसले. तीही हसली, पण तिचं हसू लवकर संपलं.

"पन एक गोल मारायचा व्हता मना त्या दिसाला," ती म्हणाली. "तो राहिला."

माफ कर म्हणणं फार थोडं झालं असतं. परात मी माझ्याकडे ओढली आणि करंज्या मांडायला लागले. एक गोलमध्ये. चार मागे. तीन मधे, दोन बाजूंना दोन. उरलेल्यांतली सगळ्यांत मोठी उचलली, सगळ्यांच्या पुढे मधोमध ठेवली आणि म्हटलं, "ही तू."

तिने परातीकडे बघितलं. मग एक हात गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "उशीर केलास, कॅप्टन."