शिरोरेघेवरून भांडण

मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, हे आम्ही नवरा-बायकोनं मिळून ठरवलं. पण तिच्याकडून अक्षर गिरवून घ्यायचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. मुलगी सहा वर्षांची. मिरजगावातून जाणाऱ्या ट्रकवरचं सगळं ती घडाघडा वाचायची. लिहायला बसवलं की मात्र तिला तहान लागायची, नाहीतर पेन्सिलीचं टोक मोडायचं.

त्या दिवशी दुपारभर बसून तिनं 'ळ'ची एक ओळ काढली, तीही शिरोरेघ न देता.

"वरची रेघ कोण मारणार?" मी विचारलं.

"मोबाईलमध्ये आपोआप येती. तू नुसती बोलतीस अन् तो लिहितो. मग मीच का लिहू?"

माझं डोकंच फिरलं. "कर काय करायचं ते!" असं ओरडून मी गच्चीवर कपडे काढायला गेले. बऱ्याच वेळानं खाली आले, तरी संध्याकाळचं दूध आलेलं नव्हतं. दूधवाल्या काकांना फोन केला.

"आल्तो की ताई," ते म्हणाले. "दारावरचं वाचून मागं फिरलो."

मी दार उघडून बाहेरून पाहिलं. खडूनं लिहिलं होतं, 'आत येऊ नका. आई लई चिडली हाय.' अक्षर टपोरं आणि शिरोरेघ अगदी सरळ! हसावं की रडावं, मला कळेना.

"छान लिहिलंस. आता हेच वहीत लिही," मी म्हणाले.

"परत कशाला? काकांनी वाचलं की."

मी वही मिटली आणि कोरा चहा टाकला.