बाळूचा कोरा कोपरा

चित्रकाराच्या संगतीत किस्से कांद्यासारखे साठतात. वेळीच बाहेर काढले नाहीत तर कुजतात, म्हणून काढतोच.

न्हावऱ्यात मी ड्रॉइंगचा मास्तर, आणि बाळू ट्रॉल्या रंगवणारा पेंटर. कांदा विकला गेला की बाळूच्या घरच्या रिकाम्या कांदाचाळीत आम्ही अमूर्त चित्रं काढतो. गाव त्याला ‘बाळूचं फरकाटणं’ म्हणतं. त्याचं बाळूला काही वाटत नाही. त्याला एकच पाहिजे होतं, त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, एकदा येऊन चित्रं बघावीत. घरापासून चाळ पन्नास पावलांवर, पण दहा वर्षांत आप्पा फिरकले नाहीत. “वळखू येईल असं काय काढलंस, तर येईन,” म्हणायचे.

*

बाळूची एक खोड आहे. रुंद ब्रश अर्धगोलात फिरवत तो सगळा कॅनव्हास भरतो आणि खाली उजवीकडचा कोपरा कोरा सोडतो. प्रत्येक चित्रात.

“रंग संपला का रे?” मी विचारलं.

“डबा भरलेला हाय की. हातच जात न्हाई तिकडं.”

तो चहाला गेल्यावर मी गुपचूप त्या कोपऱ्यात पिवळा फासला. परत येऊन त्यानं तो मुकाट पुसून काढला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, “मास्तर, लई राग आला व्हता. पण कशापायी, त्येच कळंना.”

*

भावना उचंबळून आल्याशिवाय अमूर्त चित्र होत नाही, असं मी त्याला एकदा मोठ्या तोंडानं सांगितलं. बाळूनं ते मनावर घेतलं. विहिरीवरच्या मोटारीचं जुनं भांडण उकरून काढायला त्यानं राहू गावच्या मेव्हण्याला फोन लावला. दहा मिनिटांनी आला आणि मऊ गुलाबी चित्र काढायला बसला.

“राग कुठं गेला?”

“त्यानं आधीच माफी मागितली. सगळा मूड घालवला बघा.”

*

यंदा चाळीतच तीन दिवस प्रदर्शन भरवलं. शेजारचे किसनमामा एका हिरव्या-तपकिरी चित्रापुढं अर्धा तास हलले नाहीत. मला भरून आलं. शाळेच्या पोरांना म्हटलं, बघा, याला म्हणतात चित्रात हरवणं.

मामा वळले. “मास्तर, ह्यो मधला बांध कुणी कोरला?”

त्यांना तो त्यांच्या शेताच्या गटाचा नकाशा वाटला होता. संध्याकाळी त्यांचा बांधकरी, म्हणजे बांधापलीकडच्या शेताचा मालक, आला आणि दोघांची चित्रासमोरच जुंपली. शेवटी सरपंचांना येऊन सांगावं लागलं की चित्रावर मोजणी होत नसते.

*

दुसऱ्या दिवशी पाटसचे एक साहेब आले. नव्या बंगल्याच्या हॉलसाठी त्यांना सर्वांत मोठं चित्र हवं होतं. अट एकच, “कोपरा तेवढा भरून द्या.”

बाळूचं ते पहिलंच विकलं जाणारं चित्र. त्यानं ब्रश बुडवला आणि कोपऱ्यासमोर उभा राहिला. साहेबांचा चहा झाला, मग माझा झाला. ब्रशवरचा रंग वाळून गेला. साहेब रिकाम्या हातानं गेले आणि मी बाळूला तोंडाला येईल ते बोललो. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही चित्रं उतरवत होतो, तेव्हा दारात आप्पा.

“चाळ कवा रिकामी करताय?” एवढंच विचारायला आले होते. बाळूनं उतरवलेलं चित्र परत टांगलं.

जाता जाता आप्पांनी एका चित्राकडं बघितलं. मग पुढच्याकडं, मग त्याच्या पुढच्याकडं. दर वेळी नजर खाली, उजवीकडं. शेवटच्या चित्रापुढं ते चक्क जमिनीवर बसले आणि हवेतच हात अर्धगोलात फिरवायला लागले.

“तुझी आई असंच सारवायची,” ते म्हणाले. ती गेली तेव्हा बाळू चार वर्षांचा होता. “समदं घर सारवायची आन् तेवढा कोपरा ठिवायची. तिथं तू निजलेला असायचास.”

मला राहवलं नाही. “मग, आप्पा?”

“मग काय? ह्यो उठला, की तेवढं सारवून घ्यायची.”

आप्पा उठले, धोतर झटकलं आणि पुन्हा एकदा सगळ्या कोपऱ्यांवरून नजर फिरवून बाळूला म्हणाले,

“तू अजून उठला न्हाईस व्हय?”