सायरनअक्कांचं फाटक

आमच्या गल्लीत त्यांना सगळे सायरनअक्का म्हणतात. आयुष्यभर त्यांनी रुग्णवाहिका चालवली, आणि आवाजही तसाच. स्वयंपाकघरातून सुनेला हाक मारली की कोपऱ्यावरचा न्हावी कात्री थांबवतो.

गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी नोकरी सोडली. जड लोखंडी फाटक ढकलणंही जमेना, म्हणून मुलाने त्याला मोटर बसवून दिली. रिमोट दोनच. एक मुला-सुनेच्या गाडीत, दुसरा अक्कांकडे.

एकदा मुलगा-सून कामावर गेलेले असताना अक्का अंगणात झाडांना पाणी घालताना घसरून पडल्या. रिमोट आत टेबलावर. हाक ऐकून शेजारचे सुतारकाका धावत आले, पण फाटक बंद. शेवटी ते भिंतीवरून चढले आणि भिंतीवरच्या काचांनी त्यांची विजार टरकन फाटली. तशाच अवस्थेत त्यांनी अक्कांना उचलून बसवलं. अक्कांचं मनगटावरच निभावलं.

संध्याकाळी हात गळ्यात अडकवून अक्का फाटकाकडे बघत बसल्या होत्या. सुनेला वाटलं, दुखत असेल.

"किती फाटकांसमोर मी हॉर्न वाजवत उभी राहिलेय," अक्का म्हणाल्या. "आत माणूस तळमळतोय आणि किल्ली कुणाकडे, कुणालाच ठाऊक नाही. माझंच फाटक तसं निघालं गं."

आकडे दाबून फाटक उघडायची पेटी बाहेर लावायची, असं सुनेनं सुचवलं. दोघी दुकानात गेल्या. दुकानदारानं आधी गुळगुळीत काचेची, नुसत्या स्पर्शानं चालणारी पेटी काढली. सुनेला ती बघताक्षणी आवडली. अक्कांनी पिशवीतून रबरी हातमोजा काढून चढवला आणि बोट टेकवलं. पेटी ढिम्म. मदतीला येणाऱ्याच्या हातात मोजे असतात, एवढंच त्या म्हणाल्या. बोटाचा ठसा ओळखणारीही त्यांना नको होती. अनोळखी माणसाचा ठसा आधी आणायचा कुठून? फोनवरून उघडणारीचं नेटवर्क गेलं तर, या अक्कांच्या प्रश्नावर दुकानदारच हसला आणि आतून एक साधी पेटी घेऊन आला. उठावदार बटणं, आतून दिवा, वर पावसासाठी छपरी, वीज गेली तरी पेटी आणि मोटर दोन्ही चालवणारी बॅटरी. शिवाय प्रत्येकाला वेगळा क्रमांक देता येत होता.

"किती जणांसाठी हवेत?" त्यानं विचारलं.

सून म्हणाली, तिघांसाठी. अक्का बोटांवर मोजतच राहिल्या.

घरी परतताना गाडीत खटका उडाला. सगळ्या गल्लीला घर मोकळं करून देणार का, असं सुनेचं म्हणणं. तेही काही चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: क्रमांकानं फक्त फाटक उघडेल; घराची जादा किल्ली एकट्या सुतारकाकांकडे राहील; कुणाचीही जन्मतारीख क्रमांक म्हणून ठेवायची नाही; आणि कुणाबद्दल शंका आली तर त्याचा तेवढा क्रमांक रद्द. शेवटच्या दोन अटी सुनेच्या. अक्कांनी त्या मुकाट्यानं मान्य केल्या, हेच नवल.

पेटी बसवायच्या दिवशी अक्कांनी वायरमनला दोनदा पेटीचा खांब हलवायला लावला. गाडीतून हात पोचला पाहिजे आणि पायी आलेल्यालाही. मग एक क्रमांक रुग्णवाहिका केंद्रातल्या जुन्या सोबत्यांना कळवला, आणि दुसरा, नव्या विजारीसकट, सुतारकाकांना नेऊन दिला. ते लाजले. मी कशाला येतोय फाटक उघडून, म्हणाले. पण आठवड्याभरात एका दुपारी फाटक सरकलं आणि काका हत्यारांची पिशवी घेऊन आत. पायऱ्यांना धरायला कठडा नाही, हे अक्का पडल्या त्या दिवसापासूनच त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं.

त्यांचं काम होईपर्यंत अक्का शेजारी बसून चहा पाजत होत्या. एवढ्या वर्षांत ही दोघं इतकं कधी बोललीच नव्हती.

टोकाच्या घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईंनी परवा अक्कांना पेटीबद्दल विचारलं. आता बुधवारी दोघी दुकानात जाणार आहेत. मनगट बरं झालंय. गाडी अक्काच चालवतील.