व्हिएन्ना ते लिस्बन, एक तास चार मिनिटं

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचतही नाही, लिहिणं तर दूरच. अमेरिकेत, बॉथेलमध्ये बावीस वर्षं राहतोय. घरातल्या प्रत्येकाच्या विमानप्रवासाचा तक्ता एक्सेलमध्ये ठेवतो – अंतर, उड्डाण, पोचल्याची वेळ. पण गेलं वर्षभर त्यातली एकच ओळ तपासून दमलोय, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या आईचा एक नियम होता. घरातलं कुणी प्रवासात असलं, की ‘पोचलो’ असा फोन येईपर्यंत ती जेवत नसे. शेवटी आमच्याकडे अंथरुणाला खिळली, तेव्हाही नियम तोच. आणि नर्सने बजावलं होतं – पोटात काही गेल्याशिवाय दुखण्याची गोळी द्यायची नाही.

त्या मंगळवारी माझी मुलगी ईरा ऑफिसच्या कामासाठी व्हिएन्नाहून लिस्बनला निघाली. अंतर साधारण २,३०० किलोमीटर, वेळ तीन तास पस्तीस मिनिटं. विमान उडालं तेव्हा आमच्याकडे सकाळचे सात दहा झाले होते. आई कण्हत होती, पण दूधसुद्धा घेईना. ‘पोरगी पोचू दे,’ एवढंच.

किचनमध्ये माझी बायको सुनीता म्हणाली, "सांगून टाक ना पोचली म्हणून. तुझ्या एक्सेलला कळणार नाही."

आईशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. तरी ठरवलं, आज बोलायचं. खोलीत गेलो... आणि फोन वाजला. ईराचा. स्पीकरवर टाकला.

"आजी, मी पोचले. तू जेव आता."

आईने चार चमचे मऊ भात खाल्ला, गोळी घेतली. कण्हणं थांबलं. साडेनऊच्या सुमारास झोपेतच गेली.

पावणेअकराला पुन्हा ईराचा फोन. आत्ताच लँड झाले, आजी जेवली का, विचारत होती. मघाशी फोन केलास तेव्हा कुठे होतीस, एवढंच मी विचारलं.

"मघाशी? बाबा, आय वॉज इन द एअर."

आधी वाटलं, वेळेच्या हिशोबात मीच चुकलो. लिस्बन व्हिएन्नाच्या एक तास मागे आहे. तिकिटावरच्या वेळा सरळ वजा केल्या तर दोन तास पस्तीस मिनिटंच येतात. पण ही चूक धरली तरी जमत नाही. तो फोन आठ चौदाला आला, सेहेचाळीस सेकंद चालला. माझ्या फोनमध्ये नोंद आहे, ईराच्या फोनमध्ये नाही. तिचा फोन एअरप्लेन मोडवर होता आणि विमानात वायफाय नव्हतं. सुनीताला तर दोन दिवस वाटत होतं, मीच कुणाकडून तरी फोन करवला.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तक्त्यातला ‘पोचल्याची वेळ’ हा रकाना अजून रिकामा आहे. खरी वेळ १०:४५. पण ती लिहिली, तर आई उपाशी गेली असा हिशोब होतो... आणि ती जेवून गेली. भात मी भरवलाय.