पाठ झालेली चार पुस्तकं

माझ्या थोरल्या बहिणीच्या शाळेत खोली एक, शिक्षिका एक आणि इयत्ता चार. पोरं सत्तावीस. फळ्यावर उभ्या रेघा मारून तिने चार भाग केलेत. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायचं, दुसरीला गणितं घालून द्यायची, तिसरीला कविता पाठ करायला सांगायची, आणि तेवढ्यात चौथीचा धडा घ्यायचा. मी एकदा तासभर जाऊन बसले आणि डोकं धरून बाहेर आले.

"चार चुली पेटलेल्या असतात गं," ताई म्हणाली. "एकीकडे बघायचं, दुसरीकडचा वास घ्यायचा."

"आणि करपलं काही तर?"

"माझ्या वर्गात? नाही करपत."

हा तिचा तोरा. मी शिवणकाम करणारी बाई, दोनदा माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. मला काही ते पटायचं नाही, पण पोरं तिच्यावर जीव टाकायची हेही खरं.

त्यांत चौथीतली एक मुलगी होती. सगळ्यांना सल्ले देत फिरायची म्हणून तिला आजीबाई म्हणत. वाचायला उभी राहिली की ऐकत राहावं. कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. पाहुणे आले की ताई तिलाच पुढे करायची.

एके दिवशी संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. चहा ठेवला तर हातही लावला नाही. मग सांगायला लागली. आजीबाईच्या पुस्तकावर कुणीतरी डिंक सांडला होता आणि दोन पानं चिकटली होती. तरी पोरीने मधला सगळा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला.

"तिला वाचताच येत नाही," ताई म्हणाली. "पहिलीत होती तेव्हापासून वरच्यांचे धडे तिच्या कानावर पडतायत. एकदा ऐकलं की पाठ. चारही पुस्तकं तोंडपाठ आहेत. लिहायचं असलं की शेजारणीचं बघून चित्र काढल्यासारखं उतरवते. चार वर्षं माझ्यासमोर बसली गं, आणि मला कळलं नाही."

"करपलं म्हणजे," मी बोलून गेले आणि जीभ चावली. ताई रडायला लागली होती.

चार महिन्यांनी पोर मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, आणि घेण्याआधी नवं कोरं पान वाचायला देतात. जमलं नाही तर खालच्या वर्गात. आजीबाईचा ताठा पाहता ती लहानांत बसली नसती, शाळाच सोडून घरी बसली असती.

दुसऱ्या दिवशी ताईने वर्गात सांगितलं, "माझा घसा बसलाय. आजपासून पहिलीला अक्षरं आजीबाई शिकवेल. शिकवणाऱ्याला आधी तयारी करावी लागते, तेव्हा तिने शाळा भरायच्या तासभर आधी यायचं."

तिसऱ्या दिवशी सकाळी, दोघीच असताना, पोर म्हणाली, "बाई, तुमचा घसा तर चांगला आहे."

"तुला कुणी विचारलं? म काढ."

तिने म काढला. त्या विषयावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. सकाळी जे शिकायची ते दुपारी पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवायची, तेही दटावून. ताईने त्या चार महिन्यांत एकही रजा घेतली नाही. ताप होता तेव्हाही गेली. मी खूप बोलले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मोठ्या शाळेत न्यायच्या दिवशी माझ्या स्कूटरवर आम्ही तिघी गेलो. पोर आत गेली. बाहेरच्या बाकावर ताईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बऱ्याच वेळाने तिथल्या मोठ्या बाई बाहेर आल्या.

"मुलगी चुणचुणीत आहे, पाचवीत घेतो आम्ही," त्या म्हणाल्या. "पण वाचताना फार अडखळते हो. बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसते. तुमच्या शाळेत कुणी लक्ष दिलं नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच ताईने मला मागे ओढलं.

"अडखळते?" तिने विचारलं.

"प्रत्येक ओळीला."

"प्रत्येक ओळीला," ताई म्हणाली, आणि इतकी गोड हसली की त्या बाई गोंधळून आत निघून गेल्या.

मग आजीबाई बाहेर आली, घामाघूम आणि तोंड पाडून. ताईने तिचा चेहरा पदराने पुसला.

"किती वाचलंस?"

"सात ओळी."

"काय होतं त्यात?"

पोरीने खूप आठवून पाहिलं. एका ऐकण्यात धडाच्या धडा पाठ करणारी ती, पण तिला एक शब्द सांगता येईना.

"नाही आठवत, बाई," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळा वेळ वाचण्यातच गेला."

ताईने तिला पोटाशी धरलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही.